न्याहारीच्या टेबलावरचे प्रश्न: पाव, बर्गर, बेकन आणि गोव्यातली सकाळ

म्हापशाच्या बाजारापासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर आहे. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. पाहुणे बहुतेक पुणे, कोल्हापूर, नाशिक, बेळगाव या बाजूचे. थंडीत परदेशीही असतात. न्याहारीचं टेबल मात्र एकच, त्यामुळे सोलापूरचे काका आणि इंग्लंडहून आलेलं जोडपं समोरासमोर बसतं आणि एकमेकांच्या ताटाकडे बघत प्रश्न सुरू होतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

न्याहारी किती वाजता मिळते?

साडेसात ते दहा. त्याआधी चहा मिळेल, पण पाव पोदेर, म्हणजे पाववाला, आल्यावरच. सकाळी सायकलच्या भोंप्याचा ‘पों पों’ आवाज ऐकू आला तर दचकू नका, तोच पोदेर. खाली येऊन स्वतः पाव घ्यायचे असतील तर जरूर या. मुलांना हे फार आवडतं.

इथला पाव आमच्याकडच्या पावापेक्षा वेगळा का लागतो?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो.

पाव पोर्तुगिजांबरोबर आला. शब्दही त्यांचाच, आणि ‘पोदेर’ हा शब्दही त्यांच्या ‘पादेरु’ म्हणजे पाववाला या शब्दावरून आला. १५१० साली ते गोव्यात आले. इथे भात पिकत होता, नाचणी पिकत होती. गव्हाची फुगलेली भाकरी मात्र कुणी करत नव्हतं. पीठ फुगवायला यीस्टही नव्हतं. मग वापरली गेली सूर. माडाच्या पोयीला, म्हणजे फुलोऱ्याला, छेद देऊन मडक्यात उतरवलेला हा रस काही तासांतच आंबायला लागतो, आणि त्याच आंबण्यावर पीठ फुगवलं गेलं. दक्षिण गोव्यातल्या साष्टीत, माजोर्डा गावात जेझुइट पाद्र्यांनी पहिल्यांदा लोकांना पाव भाजायला शिकवलं असं सांगतात. साष्टीतले पोदेर पुढे गोवाभर पसरले, आणि मुंबईलाही गेले.

म्हणजे पीठ परक्यांच्या सवयीचं आणि आंबवण आमच्या माडाचं. सान्नां फुगतात तीही त्याच सुरेवर. आता बहुतेक भट्ट्यांत यीस्टच वापरतात, कारण माडावर चढून सूर काढणारे रेंदेर कमी झाले. लाकडाची भट्टी मात्र बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. मातीच्या घुमटासारखी भट्टी लाकडं जाळून तापवायची, निखारे बाजूला सारायचे आणि लांब दांड्याच्या फळीवरून पाव आत सरकवायचे. त्या तापलेल्या जमिनीवर पावाची खालची बाजू कडक होते आणि आतून तो मऊ राहतो. तुम्हाला जी वेगळी चव लागते, ती बरीचशी या भट्टीची आहे.

पाव, पोई, उंडो, कांकण… नेमकं काय मागायचं?

पाव म्हणजे मऊ चौकोनी, जोडून येणारा. उंडो गोल आणि वरून कडक; रस्सा पुसून खायला याच्यासारखा दुसरा नाही. पोई चपटी, आतून पोकळ, वर कोंडा लावलेली. मधुमेह असलेली बरीच माणसं पावाऐवजी पोई घेतात. कात्रे पाव कात्रीने कापल्यासारख्या आकाराचा. कांकण म्हणजे बांगडी, आणि ते दिसतंही तसंच. ते इतकं कडक असतं की चहात बुडवल्याशिवाय चावत नाही. माझे सासरे संध्याकाळच्या चहाला अजून कांकणच मागतात.

पहिल्या दिवशी पोई घ्या. मधोमध चिरून आत भाजी भरा.

भाजी-पाव म्हणजे आमची पावभाजीच ना?

नाही. मुंबईची पावभाजी तव्यावर ठेचून, लोणी घालून करतात आणि ती बहुतेक संध्याकाळी खातात. गोव्यातली भाजी सकाळची असते आणि वाटीत येते. पातळ भाजी म्हणजे वाटाण्याची किंवा चण्याची, नारळाचा रस असलेली. सुकी भाजी म्हणजे हळद-मोहरीची बटाट्याची. दोन्ही एकत्र हव्या असतील तर ‘मिक्स’ म्हणायचं. कुठे टोमॅटोची असते, कुठे अळसांद्यांची, म्हणजे चवळीची. बरोबर मिरची भजी घ्या.

पणजीत कॅफे तातो आणि कॅफे भोसले इथे सकाळी जा. बाकांवर सरकारी कारकून, वकील, कॉलेजची मुलं आणि बाजाराला आलेल्या बायका शेजारी-शेजारी बसलेल्या दिसतील. मला स्वतःला हे दृश्य समुद्रकिनाऱ्यापेक्षा जास्त गोव्याचं वाटतं. म्हापशातही बाजाराच्या आजूबाजूला अशी हॉटेलं आहेत. नाव विचारत बसू नका, जिथे सकाळी आठला गर्दी असेल तिथे शिरा.

एक गोष्ट सांगते. सुकी भाजी-पाव हा आज आम्हाला अगदी घरचा पदार्थ वाटतो. पण बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, मिरचीही अमेरिका खंडांतलीच, आणि ‘बटाटा’ व ‘पाव’ हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आलेले. म्हणून कुणी ‘हे आमचं, ते त्यांचं’ असा वाद घालायला लागलं की मी भाजीची वाटी पुढे सरकवते.

पाव शाकाहारी आहे का? त्यात अंडं किंवा दारू असते का?

साध्या पावात मैदा, पाणी, मीठ, थोडी साखर आणि यीस्ट असतं. अंडं घालत नाहीत. सूर घातलेला पाव मिळाला तरी ती फक्त पीठ फुगवण्यापुरती असते, आणि भट्टीच्या उष्णतेत तिच्यातली नशा उडून जाते.

हा प्रश्न विचारताना काहीजण संकोचतात. संकोचू नका. एके काळी पाव खाल्ला की माणूस बाटला असं मानत. माझी आजी पावाला सोप्यावर जागा द्यायची, स्वयंपाकघरात नाही. आम्ही मुलं तिथेच बसून चहात बुडवून खायचो, आणि हात-तोंड धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायची सोय नव्हती. त्याच आजीला शेवटच्या आजारपणात दुधात कुस्करलेल्या पावाशिवाय काही गिळवत नव्हतं. तेव्हा तो पाव आईने तिला स्वयंपाकघरातच भरवला.

हॅम्बर्गरमध्ये हॅम असतं का?

नसतं. हॅम म्हणजे डुकराच्या मांडीचं मांस, पण हे नाव जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहराचं आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या बंदरातून असंख्य लोक अमेरिकेला गेले आणि खिम्याच्या तळलेल्या वडीला तिकडे ‘हॅम्बर्ग स्टेक’ म्हणायला लागले. ती वडी पावात गेली आणि तिचा हॅम्बर्गर झाला. पुढे शेवटचा तुकडा तेवढा उरला: बर्गर. १९२१ साली अमेरिकेत विचिटा गावी व्हाइट कॅसल सुरू झालं आणि तिथून बर्गरच्या साखळी दुकानांची पद्धत रुजली.

अमेरिकेत नुसतं ‘बर्गर’ म्हटलं की बीफ समजतात. भारतात तसं नाही. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स इथे आलं ते बीफ आणि पोर्क दोन्ही वगळून, आणि आपल्याकडे आलू टिक्कीचा बर्गर घरोघरी पोचला. गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत मात्र दोन्ही पद्धती आहेत. काही खायचं नसेल तर मागवण्याआधी स्पष्ट विचारा: आत कसलं मांस आहे, आणि वर बेकन घालता का? ‘चीज बर्गर’ किंवा ‘क्लासिक बर्गर’ या नावावरून काहीच कळत नाही.

गोव्यात चांगला बर्गर कुठे खावा?

बर्गर सगळीकडे मिळतो, पण तुम्ही कटलेट पाव खा. संध्याकाळी गाडे लागतात. मांसाचे पातळ काप मसाल्यात मुरवून, रव्यात घोळवून, कुरकुरीत तळतात आणि पावात घालून वर कोबी, कांदा आणि सॉस. बीफचा असतो, चिकनचाही असतो; इथेही विचारूनच घ्यायचा. बर्गरमध्ये खिम्याची वडी असते, यात अखंड काप असतो, एवढाच मोठा फरक. पाव मात्र त्या गोड बनपेक्षा कितीतरी चांगला, कारण तो मसाला शोषून घेतो आणि तरीही तुटत नाही.

तुमच्याकडे न्याहारीला बेकन मिळेल का?

आमच्या स्वयंपाकघरात डुकराचं मांस शिजत नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही, एवढंच कारण. अंडी मिळतील, श्रावण सोडून. बेकन हवंच असेल तर जवळच्या कॅफेंची नावं सांगेन. तिथे खाऊन या आणि चहाला आमच्याकडे बसा.

मागवण्यापूर्वी एवढं माहीत असू द्या. बेकन म्हणजे मिठात मुरवलेलं, बहुधा धुरी दिलेलं डुकराचं मांस. अमेरिकन बेकन पोटाकडच्या भागाचं, चरबीचे पट्टे असलेलं. तव्यावर कुरकुरीत होतं. इंग्लंडमधलं बेकन पाठीकडच्या भागाचं, रुंद आणि मांसल, आणि ते मऊच ठेवतात. आमच्या टेबलावर एकदा या दोन देशांची माणसं एकत्र आली होती. कुरकुरीत की मऊ यावर त्यांचा अर्धा तास गेला. अगदी आपल्याकडे पोह्यांत शेंगदाणे घालावेत की नाही यावर जातो तसा.

बेकन आणि गोव्याचं चोरीस एकच का?

नाही. चोरीस म्हणजे मसाल्यात मुरवून आतड्यात भरलेलं डुकराचं मांस. पण दोघांच्या मागची गरज एकच आहे: एकदा जनावर कापलं की मांस महिनोन्महिने टिकवायचं कसं?

थंड देशात मीठ लावून, धुरावर टांगून हे जमतं, कारण हवाच मदत करते. आमच्याकडे हवा दमट, आणि पावसाळ्यात तर भिंतीलाही बुरशी येते. इथे नुसतं मीठ पुरत नाही. म्हणून चोरिसात माडाच्या सुरेचं व्हिनेगर, भरपूर सुकी लाल मिरची, लसूण, मसाले आणि मीठ घालतात, मांस त्यात मुरवतात, आतड्यात भरतात, दोऱ्याने बांधतात आणि उन्हात सुकवतात. हे काम कोरड्या दिवसांतलं. पावसाळ्याच्या तोंडावर घरात साठवण करायची, तिला इथे पुरुमेंत म्हणतात. सुकी मासळी, मिरची, कोकम, कांद्यांच्या माळा, आणि ख्रिस्ती घरांत चोरिसाच्या माळाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या माळा टांगलेल्या दिसतील. जपमाळेच्या मण्यांसारखी बारीक चोरिसंही असतात.

माझ्या शेजारणीची पद्धत सांगते, कारण पाहुणे विकत घेऊन जातात आणि घरी बिघडवतात. तेल घालायचं नाही, मीठ घालायचं नाही. दोरा आणि वरचं आवरण काढून मांस थोड्या पाण्यात मंद आचेवर शिजू द्यायचं. पाणी आटलं की त्याचीच चरबी सुटते, त्यात भरपूर कांदा आणि हवा तर बटाटा. मग उंड्यात भरायचं. बेकनसारखं मोठ्या आचेवर तव्यावर टाकलंत तर मिरची जळेल आणि घरभर खोकला होईल.

अमेरिकन लोक रोज सकाळी बेकन-अंडीच का खातात?

रोज सगळे खात नाहीत. पण या जोडीमागची हकिकत ऐकण्यासारखी आहे. १९२०च्या दशकात बीच-नट नावाच्या कंपनीला बेकनचा खप वाढवायचा होता. त्यांनी जाहिरातीच्या क्षेत्रातले एडवर्ड बर्नेज यांना गाठलं. हे सिग्मंड फ्रॉइड यांचे भाचे. बर्नेज यांनी पुढे स्वतःच सांगितलं त्याप्रमाणे, त्यांनी एका डॉक्टरांकडून सुमारे ५००० डॉक्टरांना पत्रं पाठवली: सकाळी हलकं खावं की पोटभर? सुमारे ४५०० जणांनी पोटभर खावं असं कळवलं. ती बातमी वर्तमानपत्रांत झळकली, आणि पोटभर न्याहारी म्हणजे बेकन-अंडी असं तिच्यासोबत सांगितलं गेलं. बेकन आणि अंडी त्याआधीही खात होतेच, पण ‘हीच अमेरिकन न्याहारी’ हा ठसा अशा मेहनतीने उमटवला गेला.

कॉर्नफ्लेक्सची वाट उलटी. मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावी डॉ. जॉन हार्वी केलॉग यांचं आरोग्यधाम होतं. ते शाकाहाराचे कट्टर पुरस्कर्ते. १८९४ साली तिथे शिजवून ठेवलेला गहू शिळा झाला, तरी तो लाटला, तेव्हा त्याचे पातळ पापुद्रे निघाले. मक्याचे पापुद्रे नंतरचे. त्यांचे भाऊ विल यांनी १९०६ साली कंपनी काढली. म्हणजे ज्या देशातून बेकन-अंडी आली, त्याच देशातून मांस सोडायला सांगणारी न्याहारीही आली. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण आपण चटकन म्हणतो, ‘तिकडचे लोक असं खातात’. तिकडचे सगळे लोक एकसारखं खात नाहीत.

सकाळी सकाळी मांस-मासे खाववतात तरी कसे?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी आधी पेजेबद्दल विचारते.

गोव्यातला शेतकरी पहाटे नुसता चहा घेऊन शेतात जायचा आणि दहा-अकराच्या सुमारास पेज घ्यायचा. उकड्या तांदळाची दाट पेज, बरोबर लोणच्याची फोड किंवा निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. चिखलात चार तास काढलेल्या माणसाला मीठ लागतं, पाणी लागतं, भात लागतो. पेजेत तिन्ही आहे. आता जपानची जुन्या पद्धतीची न्याहारी बघा: भात, मिसोचं सूप, भाजलेला मासा, लोणचं. टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले तर हे दोन्ही पदार्थ बहीण-भाऊ दिसतील.

आणखी कुठे काय खातात?

व्हिएतनाममध्ये सकाळी फो, म्हणजे तांदळाच्या शेवया घातलेला गरम मांसाचा रस्सा. तिथेही एक पावाची गोष्ट आहे: फ्रेंचांनी लांब पाव नेला, तिथल्या लोकांनी त्यात लोणचं, कोथिंबीर, मिरची भरून बान्ह मी केला. गोव्यासारखंच की हे! इजिप्तमध्ये फूल, म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजवलेल्या वालासारख्या बिया, रोटीबरोबर. आमच्या अळसांद्यांच्या भाजी-पावाची आठवण येते. इंग्लंडच्या भरगच्च ताटात अंडी, बेकन, सॉसेज यांच्याबरोबर टोमॅटोच्या रसातल्या घेवड्याच्या बियाही असतात. इटलीत याच्या अगदी उलट: उभ्या उभ्या दुधाळ कॉफी आणि एक गोड पाव, झालं.

तुर्कस्तानात ऑलिव्ह, चीज, काकडी, टोमॅटो, मध, अंडी मांडून निवांत बसतात. त्यांचा न्याहारीचा शब्द ‘काहवाल्ती’, म्हणजे कॉफीच्या आधीचं. इंग्रजी शब्दाचा अर्थ उपास मोडणं. आपला ‘नाश्ता’ फारसीतला, तिथे त्याचा अर्थ उपाशी पोट. पोर्तुगीज मात्र म्हणतात ‘छोटं जेवण’.

बेकन रोज खाणं बरं का?

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा निष्कर्ष. चोरीसही याच जातीचं. कधीमधी चवीने खावं, रोजच्या ताटात नको, असं माझं मत. तब्येतीची तक्रार असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारा.

रस-ऑम्लेट न्याहारीला मिळेल?

तो संध्याकाळचा पदार्थ. अंधार पडल्यावर गाड्यावर, शाकुतीचा, म्हणजे नारळ-मसाल्याच्या रश्शाचा, रस घातलेलं ऑम्लेट आणि पाव. सकाळी मागू नका.

मुलं तिखट खात नाहीत. त्यांना काय?

बन. पिकलेलं केळं मैद्यात मळून तळलेली गोडसर पुरी. नाहीतर पाव-लोणी आणि केळं. आदल्या रात्री सांगितलंत तर नाचणीचं तिझान, म्हणजे गोड पेज, करून ठेवते.

दिवाळीत आलो तर?

जरूर या. नरकचतुर्दशीला पहाटे गावोगाव नरकासुर जाळतात आणि अभ्यंगानंतर घरोघरी फोव, म्हणजे पोहे. एकाच वेळी चार-पाच प्रकारचे: नारळाच्या रसातले गुळाचे, ताकातले, दुधातले, बटाट्याचे तिखट. शेजारपाजारी वाटायचे असतात. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी आमचे फोव जातात, नाताळात त्यांच्याकडून दोदोल आणि नेवऱ्या येतात. फोवांच्या दिवशी दुसरी न्याहारी नसते.

एकाच टेबलावर शाकाहारी आणि मांसाहारी, अडचण होत नाही?

भांडी आणि डाव वेगळे ठेवते, अंड्याचा तवा वेगळा. तेवढ्याने बहुतेकांचं समाधान होतं. एकदा एका पाहुण्यांनी समोरच्या मुलीच्या ताटातल्या अंड्याकडे पाहून तोंड वाकडं केलं, आणि ती मुलगी ताट उचलून पायरीवर जाऊन बसली. ते मला फार लागलं. त्या दिवशी मी त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते: वेगळं टेबल मागा, मी आनंदाने देईन, व्हरांड्यात चांगली जागा आहे. पण कुणाला आमच्याकडे ताट घेऊन उठावं लागू नये.

जाताना पाव घरी नेता येईल का?

येईल. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सांगा, म्हणजे पोदेराला जास्त टाकायला सांगते. उंडे आणि कांकणं प्रवासात टिकतात. मऊ पाव दुसऱ्या दिवशी वातड होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, सुती कापडात गुंडाळा. फ्रिजमध्ये ठेवू नका. घरी पोचल्यावर उंड्यावर पाण्याचा हात फिरवून झाकणाखाली तव्यावर दोन मिनिटं ठेवा. आणि सकाळची बस असेल तर साडेसहालाच खाली या, पोदेर फाटकाशी फार वेळ थांबत नाही.